गृहनिर्माण संस्थेच्या कागदपत्रांसाठी आणि चर्चेसाठी ऑनलाइन सेवा निवडताना

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर प्रथमच निवडून आलेल्या सभासदाला बहुतेक वेळा पहिल्याच महिन्यात कळते की संस्थेची निम्मी कागदपत्रे कार्यालयातील कपाटात आहेत आणि उरलेली आधीच्या सचिवांच्या फोनमध्ये किंवा ईमेलमध्ये. वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त एका ठिकाणी, लेखापरीक्षण अहवाल दुसऱ्या ठिकाणी, गळतीच्या दुरुस्तीसाठी मागवलेली दरपत्रके तिसऱ्या ठिकाणी आणि त्या दरपत्रकांवर झालेली चर्चा व्हॉट्सॲपच्या गटात, अशी परिस्थिती अनेक संस्थांमध्ये आढळते. कागदपत्रे सभासदांना पाहता यावीत आणि त्यांच्यावर सुरळीत चर्चा व्हावी यासाठी एखादी ऑनलाइन सेवा घ्यावी, असा विचार अशा वेळी पुढे येतो. त्या निवडीत कोणत्या क्रमाने काय तपासावे, हे संगणकाची फारशी सवय नसलेल्या समिती सदस्यांसाठी येथे मांडले आहे.

निवड करताना बहुतेक जण कोणती सेवा मोफत आहे आणि किती जागा देते येथून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात वेगळ्या प्रश्नाने व्हावी. समितीची मुदत पाच वर्षांची असते. ती संपून सर्व पदाधिकारी बदलल्यावर हे खाते कोणाच्या हातात असेल आणि त्यातील प्रत्येक कागद नव्या समितीला विनासायास मिळेल का, याचे समाधानकारक उत्तर ज्या सेवेकडे नाही, ती कितीही सोयीची असली तरी संस्थेसाठी योग्य नाही.

पहिली पायरी: आपल्याकडे काय आहे ते मोजावे

सेवा शोधण्यापूर्वी एका कागदावर यादी करावी. कायम जपायची कागदपत्रे वेगळी लिहावीत. नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरणाचे (जमीन व इमारत संस्थेच्या नावावर करण्याचे) दस्त, ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातील सभासद नोंदवह्या, भागदाखल्यांच्या नोंदी, नामनिर्देशनपत्रे आणि सर्व सभांची इतिवृत्ते त्यात येतील. दरवर्षी नव्याने येणारी कागदपत्रे दुसऱ्या रकान्यात घ्यावीत, म्हणजे ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, विमा, उद्वाहनाच्या देखभालीचा करार आणि परिपत्रके. काही महिन्यांनी निरुपयोगी होणारा मजकूर, म्हणजे पाण्याच्या टँकरची सूचना किंवा गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी, तिसऱ्या रकान्यात राहील.

ही यादी झाली की जागेचा अंदाज करता येतो आणि तो बहुधा अपेक्षेपेक्षा लहान निघतो. साठ सदनिकांच्या संस्थेत प्रत्येक सदनिकेच्या फाइलमध्ये पंचवीस पाने धरली तर एकूण १,५०० पाने होतात. फोनमधील स्कॅनिंगच्या सोयीने, करड्या छटेत आणि वाचता येईल इतक्या स्पष्टतेने केलेले एक पान साधारण अर्ध्या एमबीचे असते, म्हणजे सगळे मिळून एक जीबीसुद्धा (सुमारे हजार एमबी) भरत नाही. तीच पाने कॅमेऱ्याने छायाचित्र म्हणून काढली तर एकेक पान तीन-चार एमबीचे होते आणि तेवढ्याच मजकुराला सहा जीबीपर्यंत जागा लागते. मोठे नकाशे धरूनही मध्यम आकाराच्या संस्थेची कागदपत्रे काही जीबीत मावतात. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्सवर २ जीबी जागा मिळते. गूगलची १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिन्हींत मिळून वापरायची असते, हे मात्र लक्षात ठेवावे. एकंदरीत जागा हा निर्णायक मुद्दा नाही, आणि केवळ अधिक जागा देते म्हणून एखादी अनोळखी सेवा निवडण्याचे कारण उरत नाही.

दुसरी पायरी: कागदपत्रांची जागा आणि चर्चेची जागा वेगळी धरावी

एकाच ठिकाणी सर्व काही व्हावे हा मोह स्वाभाविक आहे. परंतु कागदपत्र आणि चर्चा यांचे स्वभाव वेगळे आहेत. कागदपत्र एकदा अंतिम झाले की ते बदलू नये आणि वीस वर्षांनंतरही त्याच स्वरूपात सापडावे. चर्चा बदलत राहते आणि तिच्यातील निष्कर्ष इतिवृत्तात उतरला की तिचे काम बरेचसे संपते. गटात पाठवलेली पीडीएफ पुढच्या दोनशे संदेशांखाली जाते, ज्याने ती उतरवून घेतली नाही त्याला ती काही काळाने उघडता येत नाही, आणि नव्याने आलेल्या सभासदासमोर जुनी चर्चा सहसा पूर्ण उलगडत नाही. म्हणून मूळ प्रत एकाच ठिकाणी, कागदपत्रांच्या सेवेत ठेवावी आणि चर्चेत तिचा केवळ दुवा द्यावा. ही शिस्त लागली तर पुढे चर्चेची सेवा बदलली तरी दस्तऐवज जागेवर राहतात.

चर्चेसाठी कोणते साधन घ्यावे, याचे उत्तर सभासदांच्या सवयीत आहे. व्हॉट्सॲपच्या गटात १,०२४ पर्यंत सदस्य घेता येतात, त्यामुळे संख्येची अडचण येत नाही, आणि ज्येष्ठ सभासदांना नवे ॲप शिकावे लागत नाही. २०२२ साली आलेल्या कम्युनिटीच्या सोयीमुळे केवळ सूचनांसाठी एक गट आणि विषयवार वेगळे गट एकत्र बांधता येतात. सूचनांच्या गटात फक्त पदाधिकाऱ्यांनी लिहावे, अशी व्यवस्था जरूर करावी. टेलिग्रामवर फार मोठे गट चालतात आणि नवीन सदस्याला जुने संदेश दाखवता येतात, मात्र तेथील गटांतील संभाषण व्हॉट्सॲप किंवा सिग्नल या ॲपप्रमाणे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध, म्हणजे गटाबाहेर कोणालाही, अगदी सेवा पुरवठादारालाही वाचता न येणारे, नसते. पुनर्विकासासारख्या दीर्घ आणि वादाच्या विषयासाठी मात्र फोनवरील गट अपुरा पडतो. तेथे प्रत्येक विषयाचा वेगळा धागा राहील असे साधन हवे. गूगल ग्रुप्ससारखा ईमेल गट किंवा डिस्कोर्ससारखी मुक्तस्रोत (कोणालाही मोफत घेऊन स्वतः चालवता येणारी) चर्चाप्रणाली यासाठी चांगली, कारण विकासकाच्या प्रस्तावातील चटईक्षेत्राचा मुद्दा आणि भाड्याचा मुद्दा यांची सरमिसळ होत नाही आणि सहा महिन्यांनीही कोणी काय आक्षेप घेतला होता ते शोधता येते.

गटाचा प्रशासक होण्यास अनेक जण कायदेशीर जबाबदारीच्या भीतीने कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिलेल्या निर्णयात असे म्हटले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर एखाद्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ प्रशासक असल्यामुळे कोणी जबाबदार ठरत नाही. तरीही गटाचे नियम लिहून ठेवणे आणि दोन प्रशासक नेमणे हे शहाणपणाचे आहे.

तिसरी पायरी: मालकी कोणाची ते तपासावे

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक संस्थांची कागदपत्रे येथेच निसटतात.

नेहमीचे उदाहरण पाहू. सचिव आपल्या वैयक्तिक जीमेल खात्यातील ड्राइव्हवर ‘सोसायटी’ नावाचे फोल्डर करतात आणि ते समितीतील सर्वांशी सामायिक करतात. सर्वांना ते दिसते, म्हणून ते सर्वांचे आहे असे वाटते. प्रत्यक्षात वैयक्तिक ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलची मालकी ती तयार करणाऱ्याच्या खात्याकडे राहते. सामायिक फोल्डरमध्ये खजिनदारांनी टाकलेली फाइल खजिनदारांच्या मालकीची असते, आणि त्यांनी ती कायमची पुसली किंवा त्यांचे खाते बंद झाले तर ती सर्वांसाठी नाहीशी होते. वैयक्तिक खाती दोन वर्षे वापरली गेली नाहीत तर ती हटवण्याचे गूगलचे धोरणही डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. एखाद्या पदाधिकाऱ्याचे निधन झाले तर त्याच्या खात्यातील संस्थेची कागदपत्रे मिळवणे कुटुंबीयांनाही अवघड जाते, आणि दुःखाच्या काळात त्यांच्याकडे पासवर्ड मागण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

याला दोन उपाय आहेत. लहान संस्थेने, म्हणजे वीस-पंचवीस सदनिकांच्या संस्थेने, संस्थेच्या नावाने एक स्वतंत्र खाते उघडावे आणि सर्व फाइली केवळ त्याच खात्यातून चढवाव्यात. इतर पदाधिकाऱ्यांना पाहण्याची किंवा शेरा देण्याची परवानगी द्यावी. मोठ्या संस्थेने संस्थांसाठी असलेली सशुल्क योजना घ्यावी. अशा योजनांमध्ये सामायिक ड्राइव्ह असतो, ज्यातील फाइलींची मालकी कोणा व्यक्तीकडे न राहता संस्थेच्या खात्याकडे राहते आणि पदाधिकारी बदलला की केवळ त्याचा प्रवेश काढून घ्यावा लागतो. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि चेन्नईच्या झोहो कंपनीचे वर्कड्राइव्ह या तिन्हींत ही कल्पना वेगवेगळ्या नावांनी आहे. ही सोय प्रत्येक योजनेत सारखीच असेल असे धरून चालू नये, आपण घेत असलेल्या योजनेत ती आहे का ते लेखी विचारून घ्यावे. सर्व सभासदांसाठी सशुल्क खाती घेण्याची गरज नसते. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशी तीन खाती घ्यावीत आणि सभासदांना पाहण्यापुरती परवानगी द्यावी, इतके पुरते.

संस्थेचे स्वतःचे डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाच्या आणि ईमेलच्या पत्त्यात येणारे इंटरनेटवरील नाव, घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ‘डॉट इन’ डोमेनचा वार्षिक खर्च सर्वसाधारणपणे एक हजार रुपयांच्या आत असतो. सचिवांचा ईमेल पत्ता त्या डोमेनवर असला म्हणजे सचिव बदलले तरी पत्ता बदलत नाही आणि उद्या सेवा पुरवठादार बदलला तरी उपनिबंधक कार्यालय, बँक आणि महानगरपालिका यांच्याकडे नोंदवलेला पत्ता तोच राहतो. डोमेन मात्र संस्थेच्या नावाने नोंदवावे. ते संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांच्या खात्यातून घेतले तर मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो.

खात्याशी जोडलेल्या फोन क्रमांकाचाही विचार करावा. ओटीपी ज्या क्रमांकावर येतो तो क्रमांक म्हणजेच खात्याची चावी असते. सचिवांचा वैयक्तिक क्रमांक दिला आणि पुढे तो बंद झाला तर काही काळाने दूरसंचार कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देते. म्हणून संस्थेच्या नावाने वेगळे सिम घ्यावे, त्याचे रिचार्ज खजिनदारांच्या नियमित देयकांत समाविष्ट करावे, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डबरोबर आणखी एक खूण मागणारी) सुरू करावी आणि ती सुरू केल्यावर मिळणारे, फोन हाताशी नसतानाही खात्यात प्रवेश देणारे आपत्कालीन संकेत छापून, बंद पाकिटात, कार्यालयाच्या कपाटात ठेवावेत.

चौथी पायरी: बाहेर पडण्याचा मार्ग आधी पाहावा

ऑनलाइन सेवा कायम टिकत नाहीत, आणि ही केवळ शक्यता नाही. याहू ग्रुप्स ही सेवा आपल्याला हव्या असलेल्या प्रकारचीच होती. गटाची चर्चा, फाइली, छायाचित्रे आणि मतदान हे सर्व एका जागी होते आणि जगभरातील छंदमंडळांनी, माजी विद्यार्थ्यांच्या गटांनी आणि स्थानिक संघटनांनी तेथे जवळपास वीस वर्षांचा मजकूर साठवला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकण्याची घोषणा झाली. सुरुवातीची मुदत डिसेंबरची होती, ती वाढवून ३१ जानेवारी २०२० केली गेली, आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद झाली. वापरणाऱ्यांना आपला संग्रह उचलण्यासाठी काही आठवडे मिळाले. ज्या गटांचे प्रशासक त्या काळात लक्ष देऊन नव्हते, त्यांचा संग्रह गेला.

सेवा बंद न होताही अटी बदलतात. गूगल ग्रुप्समध्ये पूर्वी फाइली ठेवण्याची सोय होती, ती काढून टाकली गेली. कार्यालयीन चर्चेसाठी लोकप्रिय असलेल्या स्लॅकच्या मोफत योजनेत सप्टेंबर २०२२ पासून केवळ शेवटच्या ९० दिवसांचे संदेश दिसतात. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी संपली. यात कोणी फसवणूक केली असे नाही, कारण मोफत सेवेच्या अटी बदलण्याचा अधिकार पुरवठादाराने पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवलेला असतो. संस्थेने त्या अधिकाराची जाणीव ठेवून आपली व्यवस्था करावी, एवढेच.

तिसरा धोका सरकारी आदेशांचा. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यात फाइली पाठवण्याचे शेअरइट आणि झेंडर तर होतेच, शिवाय कागदपत्रे स्कॅन करण्यासाठी असंख्य लोक वापरत असलेले कॅमस्कॅनरही होते. ज्यांनी कागद स्कॅन करून त्याच ॲपच्या क्लाउडवर ठेवले होते, त्यांच्यापुढे ते बाहेर काढण्याचा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात मोठ्या फाइली पाठवण्यासाठी वापरली जाणारी वीट्रान्सफर ही सेवा भारतात रोखण्याचा आदेश निघाला होता. मे २०२३ मध्ये एलिमेंट आणि थ्रीमा यांच्यासह चौदा संदेश ॲपवर बंदी आली. परदेशातील कारवाईचाही फटका बसू शकतो. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने मेगाअपलोड ही फाइली साठवण्याची सेवा बंद केली, तेव्हा चित्रपटांच्या बेकायदा प्रतींबरोबर सामान्य वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फाइलीही अडकल्या.

म्हणून प्रवेश करण्यापूर्वी पुरवठादाराला विचारावे की सर्व फाइली फोल्डरच्या रचनेसह एकाच वेळी उतरवून घेता येतात का, चर्चेचा मजकूर वाचता येईल अशा स्वरूपात मिळतो का, आणि सदस्यत्व संपल्यावर तो किती दिवस उपलब्ध राहतो. गूगलची टेकआउट ही खात्यातील सर्व मजकूर उतरवून देणारी सोय आणि टेलिग्रामच्या संगणकावरील आवृत्तीतील निर्यात या बाबतीत चांगल्या आहेत. व्हॉट्सॲपमधून एकेका गटाचे संभाषण बाहेर काढता येते, परंतु संदेशांच्या संख्येवर मर्यादा असल्याने वर्षानुवर्षे चाललेल्या गटाचा संपूर्ण इतिहास एकदम मिळेल असे समजू नये. आणखी एक बारकावा असा की गूगल डॉक्समध्ये तयार केलेला दस्तऐवज संगणकावर दिसला तरी तेथे बहुधा केवळ त्याचा दुवा असतो, प्रत्यक्ष मजकूर नसतो. इतिवृत्त अंतिम झाले की त्याची पीडीएफ करून ठेवावी, शक्य असल्यास दीर्घकाळ जतनासाठी ठरवलेल्या पीडीएफ-ए या प्रकारात.

पाचवी पायरी: पैसे कसे भरायचे ते आधी विचारावे

ही बाब लहान वाटते, परंतु अनेक संस्थांचे काम येथे अडते. संस्थेकडे सहसा क्रेडिट कार्ड नसते. धनादेश, एनईएफटी आणि अलीकडे यूपीआय यांतूनच व्यवहार होतात. परदेशी पुरवठादार कार्डाशिवाय पैसे स्वीकारत नसेल तर एखादे पदाधिकारी स्वतःच्या कार्डाने भरतात आणि संस्थेकडून परतावा घेतात. असे झाले की देयक त्यांच्या नावाने निघते, लेखापरीक्षक शेरा मारतात आणि ते पायउतार झाल्यावर कार्डावरील वसुली थांबून सेवा बंद पडते. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम आहेत, त्यांमुळे कधी कधी नूतनीकरण अडकतेही. संस्थेच्या नावाने जीएसटीसह देयक देणारा, वार्षिक रक्कम बँकेतून स्वीकारणारा आणि भारतातील अधिकृत विक्रेत्यामार्फत मिळणारा पुरवठादार थोडा महाग असला तरी घ्यावा. जाहिरातीतील दरावर १८ टक्के जीएसटी धरूनच अंदाजपत्रकात तरतूद करावी आणि दर प्रतिव्यक्ती आहे की संपूर्ण संस्थेसाठी, प्रतिमहिना आहे की वार्षिक, हे स्पष्ट करून घ्यावे.

मायगेट, अड्डा यांसारख्या सोसायटी व्यवस्थापन ॲपमध्ये देखभाल शुल्काची वसुली आणि पाहुण्यांच्या नोंदींबरोबर कागदपत्रे व चर्चेचीही सोय मिळते. वसुलीसाठी ती उपयुक्त आहेत. तरी संस्थेच्या मूळ दस्तांची एकमेव प्रत तेथे ठेवू नये, कारण पुढील सर्वसाधारण सभा खर्चामुळे तो करार रद्द करू शकते.

सहावी पायरी: कोणाला काय दिसेल ते ठरवावे

सभासदाला संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा आणि प्रती मिळवण्याचा अधिकार सहकार कायद्याने दिलेला आहे, आणि ऑनलाइन सेवेचा खरा लाभ हाच की त्यासाठी प्रत्येक वेळी अर्ज आणि वाट पाहणे टळते. उपविधी, इतिवृत्ते, ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल आणि करार सर्व सभासदांना खुले ठेवावेत. नामनिर्देशनपत्रे, भाडेकरूंची ओळखपत्रे, थकबाकीदारांशी झालेला वैयक्तिक पत्रव्यवहार आणि बँकेचे तपशील मात्र समितीपुरते असावेत.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. माहिती कशासाठी गोळा करायची आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याच्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते, असा त्याचा मुख्य आशय आहे. पुरवठादाराचा संगणक कोठेही असला तरी भाडेकरूच्या आधारची प्रत जपण्याचे काम संस्थेचेच राहते. आधारची प्रत लागलीच तर पहिले आठ अंक झाकलेली घ्यावी आणि काम संपल्यावर काढून टाकावी. ‘दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल’ अशी परवानगी वैयक्तिक माहिती असलेल्या फोल्डरला कधीही देऊ नये, कारण दुवा पुढे पाठवला गेला की तो कोणाकडे पोहोचला हे समजण्याचा मार्ग राहत नाही.

पुरवठादाराच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क भारतीय संकेतस्थळावर आहे का, हेही पाहावे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा मध्यस्थ सेवांनी तक्रारीची पोच २४ तासांत देणे आणि ठरावीक मुदतीत तिचा निकाल लावणे अपेक्षित आहे. ज्या सेवेच्या पानावर हा तपशीलच नाही, तिच्याकडे खाते अडकल्यावर दाद मागणे कठीण जाईल.

सातवी पायरी: मराठीत काम होते का ते पाहावे

महाराष्ट्रातील बहुतेक संस्थांची इतिवृत्ते मराठीत असतात आणि त्यांचा शोध मराठीतच घ्यावा लागतो. तीन मराठी फाइली चढवून त्यांतील एखादा शब्द, उदाहरणार्थ ‘जलाभेद्यीकरण’ (वॉटरप्रूफिंग), देवनागरीत शोधून पाहावा. युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या प्रमाणित संकेतपद्धतीत टंकलेली फाइल सापडेल. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेली फाइल सापडणार नाही, कारण त्यात वरवर मराठी दिसले तरी आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घेणे किंवा निदान त्यांची नावे युनिकोडमध्ये देणे हे काम सेवा सुरू करतानाच उरकावे. स्कॅन केलेल्या पानांसाठी अक्षरओळखीची सोय तपासावी. गूगल ड्राइव्हवरील ही सोय छापील मराठीसाठी बऱ्यापैकी काम करते, हस्तलिखित इतिवृत्तासाठी तिच्यावर विसंबू नये.

फाइलींच्या नावात तारीख वर्षापासून लिहावी, म्हणजे ‘2024-09-22 वार्षिक सभा इतिवृत्त’. अशा नावांनी यादी आपोआप काळानुसार लागते. आकडे सर्व नावांत एकाच लिपीत ठेवावेत.

आठवी पायरी: महिनाभर वापरून पाहावे

दोन सेवा निवडून त्यांवर प्रत्येकी मोजकी, गोपनीय नसलेली कागदपत्रे ठेवावीत. चाचणीसाठी तरुण आणि तंत्रज्ञ सभासदच घेऊ नयेत. सत्तरी ओलांडलेल्या एका सभासदाला मागील ताळेबंद शोधण्यास सांगावे, परदेशात राहणाऱ्या एका सदनिकाधारकाला तेथून उघडून पाहण्यास सांगावे, आणि जुन्या, कमी साठवण असलेल्या फोनवर ॲपशिवाय केवळ ब्राउझरमध्ये ते दिसते का ते पाहावे. ज्यांना सहाय्य लागले त्यांना नेमके कोठे अडले हे विचारून लिहून ठेवावे, निवडीसाठी हीच नोंद सर्वांत उपयोगी ठरते.

त्यानंतर दोन गोष्टी मुद्दाम करून पाहाव्यात. एक फाइल पुसून ती परत मिळते का आणि किती दिवसांपर्यंत मिळते, हे पाहावे. मग संपूर्ण फोल्डर उतरवून घ्यावे, फाइलींची संख्या जुळते का ते मोजावे, देवनागरी नावे शाबूत आहेत का ते पाहावे आणि त्यांतील चार-पाच फाइली इंटरनेट बंद करून उघडाव्यात. या चाचणीत जी सेवा नापास होईल ती इतर बाबतींत कितीही आवडली तरी सोडून द्यावी.

नेक्स्टक्लाउडसारखी मुक्तस्रोत प्रणाली स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालवण्याचा पर्यायही काही जण सुचवतील. २०१६ पासून ती विकसित होत आहे आणि त्यात फाइली, चर्चा व दिनदर्शिका एकत्र मिळतात. मालकीच्या दृष्टीने हा पर्याय उत्तम आहे. पण सुरक्षेची अद्यतने वेळेवर करणारे आणि एकमेकांची जागा घेऊ शकणारे किमान दोन जाणकार सभासद नसतील तर संस्थेने त्याच्या वाटेला जाऊ नये. एकाच उत्साही सभासदावर उभी केलेली व्यवस्था त्याने घर विकले की बंद पडते.

नववी पायरी: ठराव आणि हस्तांतरण

निवड झाल्यावर समितीच्या सभेत ठराव करावा. त्यात सेवेचे नाव, योजना, वार्षिक खर्च, प्रशासक म्हणून नेमलेली दोन पदे, सभासदांना खुल्या कागदपत्रांची यादी आणि प्रती काढण्याची तारीख नमूद असावी. व्यक्तींऐवजी पदांची नावे लिहिल्याने समिती बदलली तरी ठराव लागू राहतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, तेव्हा तिच्या आधीच्या आठवड्यात सर्व फाइलींची एक प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घेऊन ती कार्यालयात ठेवण्याची आणि दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याची प्रथा पाडावी.

समिती बदलते तेव्हा कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत नोंदवह्या, धनादेश पुस्तके आणि शिक्के यांच्याबरोबर डोमेनचे खाते, प्रशासकाचे खाते, संस्थेचे सिम आणि आपत्कालीन संकेतांचे पाकीट यांचाही उल्लेख करावा. नव्या सचिवांनी सही करण्यापूर्वी जुन्या सचिवांसमोरच प्रशासक म्हणून प्रवेश करून पाहावा, पासवर्ड बदलावा, जुने आपत्कालीन संकेत रद्द करून नवे छापावेत, व्हॉट्सॲप गटाचे प्रशासकपद बदलावे आणि मावळत्या पदाधिकाऱ्यांना सामान्य सभासदाची परवानगी ठेवून बाकीचा प्रवेश काढावा. हे सर्व झाल्यानंतरच हस्तांतरणपत्रावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या पत्राची स्कॅन केलेली प्रत त्याच दिवशी त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये चढवावी.